आठात तीन

रविवार, रात्र

आज सकाळी भाची आली आणि थेट लॅपटॉपसमोर बसली. वय नऊ. गेले तीन महिने जे खेळणं बनवतोय ते पहिल्यांदाच एका लहान पोरीच्या हातात गेलं. ब्राउझरमध्ये मराठीत बोल टाइप करायचे, ते ठेक्यात फिरत राहतात, आणि ठेका चालू असतानाच ओळ बदलायची.

तिनं पहिलीच ओळ लिहिली: डंग डंग डगाडग. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्त्या बघताना ऐकलेली हलगी. माझ्या खेळण्याला तबल्याचेच बोल ठाऊक. लाल पट्टी आली, 'चूक, अनोळखी शब्द', आणि आवाज गप्प. तिनं बोटं मागं घेतली.

"मामा, मी काय चुकलो?"

ती काहीच चुकली नव्हती. ती मागं गेलेली बोटं जेवतानाही डोळ्यांसमोर होती.

कोड लिहून ठेके वाजवायचं टायडलसायकल्स मी कित्येक वर्षं वापरतोय, २०२२ पासून त्याचंच ब्राउझरमधलं भावंड स्ट्रुडेलही. तिथं ओळ चुकली तरी आधीचा ठेका वाजतच राहतो. ही केवढी माया आहे, हे आज कळलं. हलगीवालाही कुस्ती बघत चाल बदलतो, बदलायला थांबत नाही. मग माझंच खेळणं का थांबावं?

दुपारभर बसून तेच बदललं. आता चूक झाली की जुना ठेका चालू राहतो. अनोळखी शब्द पिवळा होतो आणि विचारतो, 'याचा आवाज कसा?' की माइक सुरू.

एक गाठ आधीच सुटली होती. 'धिं' आपल्याला एक अक्षर, पण कॉम्प्युटरच्या पोटात ती तीन चिन्हं: ध, वेलांटी, अनुस्वार. सुरुवातीला माझा कोड त्यांचे तुकडे करून तीन मात्रा वाजवायचा. अक्षर अखंड धरणारा सेगमेंटर ब्राउझरमध्येच असतो, तो वापरला. धिं आणि धीं दोन्ही चालतात. शुद्धलेखनाची वही इथं उघडायची नाही, हे मी ठरवूनच टाकलंय.

संध्याकाळी ती परत आली. 'डंग'साठी वाटीवर चमचा मारला, 'डगाडग'साठी डब्याचं झाकण. मग मी तिला 'डंग ८त ३' लिहायला सांगितलं. स्ट्रुडेलमध्ये हेच कंसात लिहितात, पण कंस पोरांना नडतो. आठ मात्रांत तीन ठोके, जमेल तितक्या सारख्या अंतरावर: ३, ३, २. युक्लिडची मसावि काढायची रीत आणि ही वाटणी मुळात एकच, हे संगणकशास्त्रज्ञ गॉडफ्रीड टूसाँ यांनी २००५ साली मांडलं. तिला यातलं काही सांगितलं नाही. ती मान हलवत होती, मग स्वतःच ३ खोडून ५ केले आणि खुर्चीवर उभी राहिली.

ताईनं खालून हाक मारली. "बंद करू नको मामा, मी जिना उतरोपर्यंत वाजू दे."

उद्या पेठेतल्या ओळखीच्या वादकाकडे खरी हलगी रेकॉर्ड करायला जायचंय. जाळावर तापवून कातडं ताणलं की मगच ते वाजवतात, तेवढा वेळ हाताशी ठेवायला हवा. 'डंग' मात्र वाटीचाच राहील.