नववी माळ

३० सप्टेंबर २०२५, अष्टमी, रात्र

यंदा नवरात्रात तृतीया दोन दिवस आली, म्हणून माळ नववी आणि तिथी अष्टमी असा घोळ झालाय. घरात रोज सकाळी यावर एकदा तरी वाद होतो. घटाला काही फरक पडत नाही. त्याला उद्या दहावी माळ चढेल.

घटाभोवतीचं धन, म्हणजे पेरलेलं धान्य, वीतभर वर आलंय. देवघराच्या कोपऱ्यात उजेड कमी, त्यामुळे हिरवं नाही, हळदीसारखं पिवळंधमक. गहू दाट आहे, ज्वारी सगळ्यांच्या वर गेलीय, हरभरा मात्र कुजल्यासारखा वाटतो. पाणी मी बेतानंच शिंपडतो, कारण सुगडातून झिरपतं तेवढंच मातीला पुरतं. देव विड्याच्या पानावर बसलेत, दसऱ्यापर्यंत त्यांना हलवायचं नाही. इथे पुण्यात माळेला झेंडूच मिळतो. गावी तरवडाची, कारळ्याची फुलं असायची, तीही फुकट, बांधावरची.

पत्रावळीतली काळी माती मात्र गावची आहे. गेल्या महिन्यात गेलो होतो तेव्हा नदीकडच्या तुकड्यातून पिशवी भरून आणली होती. घट बसला आणि त्याच आठवड्यात सीनेला पूर आला. परंडा तालुक्यातलं आमचं गाव पाण्याने वेढलं. माणसं, जनावरं वाचली. दादा फोनवर सोयाबीनबद्दल फार बोललाच नाही. म्हणाला, “पीक गेलं ते गेलंच रे, पण माती खरवडून नेली. खाली मुरूम उघडा पडलाय.”

तेव्हापासून माळ बांधताना हात जरा थांबतो. ज्या तुकड्यातली ही माती, तो तुकडाच आता तसा राहिलेला नाही. देवीवर रागावावं असंही वाटलं. आईला तसं म्हणालो, तर ती म्हणाली, “रागव की. पण तेल घाल दिव्यात.” मग वात पुढे सरकवली, काजळी झाडली. त्याआधी शेजारी दुसरी निरांजन पेटवून ठेवावी लागते, म्हणजे नंदादीप विझला तरी ज्योत मोडत नाही. रात्री मध्येच उठून हे करताना भक्ती वगैरे फार नसते. झोप असते, आणि आज उपवास असल्यामुळे भूकही. पहिला दिवस आणि अष्टमी, एवढंच मला झेपतं. आई सगळे दिवस धरते.

घट म्हणजे आपल्या पूर्वजांची बियाणं तपासायची पद्धत, असं हल्ली बरेच जण सांगतात. असेलही. पण उगवण बघायची तर दादा शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि किती दाण्यांना मोड आले ते मोजतो. त्याला नंदादीप लागत नाही की माळ लागत नाही. आमच्या घरात घट बघून बोलतात ते वेगळंच असतं: कोणतं धान्य जोमात आलं, त्यावरून येणारं साल कसं जाईल ते. वडील तर दसऱ्याला टोपीत धन खोचायच्या आधी डोळे बारीक करून बघायचे आणि दरवर्षी ज्वारीच चांगली आलीय म्हणायचे, हरभरा कितीही तरारला असला तरी.

आजही संध्याकाळी दादाने तेच विचारलं. ज्वारी, म्हणालो. खरंच आहे ते. “बरं,” म्हणाला. रानात अजून पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत जातो, वापसा कधी येईल त्याची खात्री नाही, पेरायची तर पेरायची कशात हा प्रश्न आहेच. पंचनाम्याला अजून कोणी फिरकलेलं नाही.

उद्या होम. कोहळा, समिधा, तूप आणायचंय, शिवाय फुलोऱ्याच्या कडाकण्या अजून तळायच्यात. परवा घट उठला की रस्ते सुरू असतील तर गावी जाईन. दरवर्षी ही माती इथल्या तुळशीत घालतो. यंदा परत घेऊन येऊ का, विचारलं दादाला.

“आण की,” तो म्हणाला. “पत्रावळीभर माती अख्ख्या रानात कुठं टाकायची, तेवढं मात्र तुझं तू ठरव.”