तीन गुलाम हातात असताना

वेंगुर्ल्याच्या आमच्या घरी गणपतीतील जागरणाची रात्र पत्त्यांशिवाय सरत नाही. ओटीवर चटई अंथरून मेंढीकोटचा डाव मांडला की निम्मी वाडी खेळणाऱ्यांच्या पाठीशी येऊन बसते, कोणी खांद्यावरून वाकून पान सुचवतो, आणि चुकीचे पान पडलेच तर वडीलधारी माणसे ‘उचल ते, दुसरे टाक’ असे सांगून मोकळी होतात. लास वेगासला नोकरीसाठी आल्यावर कॅसिनोतील पोकरच्या स्पर्धांत उतरताना, लहानपणापासून पत्ते हाताळलेल्या माणसाला येथे काय अडचण येणार, अशीच माझी समजूत होती.

पहिल्याच स्पर्धेत ब्लाइंड, म्हणजे पाने पाहण्याआधी दोघांनी सक्तीने लावायच्या बोली, 100-200 असताना मला दोन राजे आले. बोली 1000 पर्यंत न्यावी या हेतूने मी 1000 ची एक चिप, म्हणजे बोलीसाठी वापरतात ती चकती, पुढे ठेवली, पण तोंडाने काहीच बोललो नाही. डीलरने ‘कॉल’, म्हणजे चालू बोलीची फक्त बरोबरी, असे जाहीर केले आणि 800 च्या चिप माझ्याकडे परत सरकवल्या. एकच मोठी चिप न बोलता ठेवली तर ती बोली वाढवणे ठरत नाही. त्यासाठी ‘रेज’ (वाढवतो) हा शब्द चिप टेबलाला टेकण्याआधी उच्चारावा लागतो. त्यामुळे आणखी तिघे स्वस्तात डावात राहिले आणि त्यांपैकी एकाने दुर्री-चौकीच्या दोन जोड्या लावून डाव नेला.

त्याहून मोठी चूक काही महिन्यांनी झाली. टेबलावर इस्पिकचा गुलाम, नव्वी आणि दुर्री, चौकटची चौकी आणि बदामचा राजा अशी सर्वांना सामाईक पाच पाने उघडली होती, आणि माझ्या हातात बदामचा व किलवरचा असे आणखी दोन गुलाम होते. समोरच्या वयस्क गृहस्थांनी शेवटची बोली झाल्यावर ‘फ्लश’ असे म्हटले, म्हणजे तीन गुलामांवर मात करणारी एकाच रंगाची पाच पाने. मी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून माझी पाने उलटीच डीलरकडे टाकली आणि डीलरने ती बाद पानांच्या गठ्ठ्यात सरकवली. त्यानंतर त्यांनी पाने उघडली, तर एक्का इस्पिकचा होता, पण सत्ती किलवरची होती. दोन काळ्या रंगांत त्यांची नजर चुकली होती. तो अप्रामाणिकपणा नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळत होते. तरीही जिवंत पाने फक्त त्यांच्याकडे उरली असल्यामुळे सर्व चिप त्यांना मिळाल्या.

मी फ्लोअरवरील अधिकाऱ्याला बोलावले. त्यांनी शांतपणे सांगितले की खेळाडू काय बोलतो यावर हाताची किंमत ठरत नाही, टेबलावर सरळ उघडलेली पानेच बोलतात. स्पर्धा चालवणाऱ्यांच्या ज्या संघटनेने 2001 पासून हे नियम कॅसिनोंमध्ये एकसारखे करत आणले, तिच्या नियमावलीतही हेच आहे. त्या रात्री मला तो निर्णय अन्यायाचा वाटला. आता वाटत नाही, कारण गठ्ठ्यात मिसळलेली पाने कोणाची होती हे खात्रीने कोण सांगणार? पण ती चूक आठवली की आजही घशाशी काहीतरी अडकते.

सर्वांत जास्त लाज मात्र मला पत्त्यांमुळे नव्हे, मराठीमुळे वाटली, आणि ते लिहिताना अजूनही जड जाते. चिपळूणचा माझा एक मित्र योगायोगाने माझ्याच टेबलावर आला होता. मी डाव सोडला होता, तो खेळत होता. त्याने सहज ‘काय करू रे?’ असे विचारले आणि मी तितक्याच सहज ‘सोड’ म्हणालो. डीलरने खेळ थांबवला. डाव चालू असताना येथे फक्त इंग्रजीच बोलायचे असते, आणि प्रत्येकाने आपला हात एकट्याने खेळायचा असतो. आम्ही एका शब्दात दोन्ही नियम मोडले होते. ताकीद मिळाली, तीही रास्तच होती. परंतु टेबलावरील बाकीची माणसे आम्हा दोघांकडे संगनमत करणाऱ्यांकडे पाहावे तसे पाहू लागली. आमच्या ओटीवर जी आपुलकी समजली जाते, ती येथे फसवणुकीसारखी दिसते.

एकदा संध्याकाळी सातच्या विश्रांतीत आईला फोन केला. वेंगुर्ल्यात तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते आणि बोलणे लांबले. चार मिनिटे उशिरा परतलो तोवर माझे ब्लाइंड कापले गेले होते आणि माझी पाने वाटून लगेच बादही झाली होती.

परवा भाच्याचा फोन आला. तो मित्रांबरोबर पणजीला जाऊन मांडवीवरील जहाजात पोकरची स्पर्धा खेळणार आहे आणि त्याला कोणती पाने खेळावीत हे मामाकडून हवे होते. मी त्याला पानांविषयी फार सांगितले नाही. आधी बोल, मग चिप ठेव. पाने हाताखाली राख. आणि शेवटी समोरचा काहीही म्हणाला तरी दोन्ही पाने सरळ उघडून टेबलावर मांड, एवढे तीनदा सांगितले. माझ्या पानांवर राखण म्हणून मी आता सागरेश्वरच्या किनाऱ्यावरची एक शिंपली ठेवतो. त्यालाही तेथूनच एक घेऊन जायला सांगितले आहे.