आधी घामाचा विचार करा : सह्याद्री आणि हिमालयातील ट्रेकचे कपडे

जून उजाडला की नव्याने ट्रेकला जाऊ लागलेल्या मैत्रिणींचा पहिला प्रश्न हमखास रेनकोटबद्दल असतो : कोणता घ्यावा, कितीचा घ्यावा आणि तो फोटोत बरा दिसेल का. माझे उत्तर मात्र आतल्या टी-शर्टपासून सुरू होते आणि त्यामुळे विचारणारी थोडी हिरमुसते. सह्याद्रीत चढताना पावसाने भिजण्याच्या आधी आपण घामाने भिजलेले असतो, त्यामुळे हा घाम कुठे जाणार हे ठरल्याशिवाय बाकी कोणत्याच कपड्याची निवड नीट होत नाही, असे माझे मत आहे. उन्हाळा असो, हिवाळा असो किंवा हिमालयातला बर्फ असो, कपडा घेताना मी हाच प्रश्न आधी विचारते. उत्तर मात्र प्रत्येक हवामानात वेगळे येते.

आधी धाग्यांविषयी थोडेसे. साधारण ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत नुसते टांगून ठेवलेले सुती कापड स्वतःच्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरून ठेवते, नायलॉन सुमारे चार टक्के, पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के आणि लोकर तब्बल १६ टक्क्यांच्या आसपास. सुती धागा पाणी स्वतःच्या आत ओढून घेतो, म्हणून तो पिळला तरी ओलाच राहतो; पॉलिएस्टरच्या कापडात पाणी धाग्यांच्या मधल्या जागेत साचते, त्यामुळे ते पिळून पुन्हा अंगात घातले की शरीराच्या उष्णतेनेच बरेचसे वाळते. पावसाळी ट्रेकला जीन्स घालू नये असे सगळेच सांगतात, पण तोच माणूस वर सुती टी-शर्ट घालून येतो याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. भिजलेली जीन्स निदान फक्त जड होते. भिजलेला सुती टी-शर्ट माथ्यावरच्या वाऱ्यात छाती आणि पाठ गार करतो, आणि हुडहुडी भरते ती तिथूनच.

आता रेनकोट. महागड्या जलरोधक जॅकेटांमागचे तंत्र १९६९ मध्ये बॉब गोर यांना सापडलेल्या ताणलेल्या टेफ्लॉनच्या पापुद्र्यावर उभे आहे. या पापुद्र्याची छिद्रे इतकी सूक्ष्म असतात की पाण्याचा थेंब आत येत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाऊ शकते. यातले ‘जाऊ शकते’ महत्त्वाचे आहे, कारण वाफ बाहेर ढकलली जाते ती आतल्या आणि बाहेरच्या हवेतील बाष्पदाबाच्या फरकामुळे. बाहेरची हवा थंड आणि कोरडी असेल तर हा फरक मोठा असतो. जुलैमध्ये भीमाशंकरच्या रानात हवाच बाष्पाने ओथंबलेली आणि बऱ्यापैकी उबदार असते, तेव्हा तो फरक उरतच नाही आणि हजारो रुपयांचे जॅकेट आतून साध्या प्लास्टिकसारखे वागू लागते. त्यातच सततच्या पावसाने बाहेरच्या कापडावरचा पाणी झटकणारा लेप निकामी होऊन कापड ओले झाले की उरलासुरला मार्गही बंद होतो. म्हणून केवळ सह्याद्रीच्या पावसासाठी असे जॅकेट घेऊ नये. काखेत चेन असलेले, पातळ आणि समोरून सहज उघडता येणारे विंडचीटर पुरते.

भातलावणी करणाऱ्या बायका डोक्यापासून पाठीपर्यंत जे इरले घेतात, त्यात हे सगळे कधीचे सोडवलेले आहे. बांबूच्या कामट्या आणि पानांचे ते आवरण वरून पाऊस अडवते, पण समोरून आणि बाजूंनी पूर्ण मोकळे असते, त्यामुळे दिवसभर वाकून काम करतानाही अंगाला वारा लागत राहतो. डोक्यातून घालायचा, बाजूंनी मोकळा पोंचो याच तत्त्वावर चालतो, शिवाय पाठीवरची सॅकही झाकतो, म्हणून रानातल्या आडव्या वाटेला तो मला रेनकोटपेक्षा आवडतो. मात्र राजगडाच्या संजीवनी माचीसारख्या उघड्या, चिंचोळ्या जागी वारा पोंचोत शिरला की तो तोंडावर उलटतो आणि नेमके पाऊल कुठे पडते आहे तेच दिसेनासे होते; अशा ठिकाणी तो काढून सॅकमध्ये कोंबावा आणि सरळ भिजावे. धनगर घोंगडीची खोळ करून पावसात तासन्तास उभा राहतो, तेही अडाणीपणाने नव्हे. लोकर स्वतःच्या वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत ओलावा शोषूनही हाताला फारशी ओली लागत नाही आणि ओलावा शोषताना थोडी उष्णताही बाहेर टाकते. घोंगडी घेऊन कळसूबाई चढा असे मी म्हणणार नाही, कारण तिचे वजन उचलायला धनगराचेच खांदे हवेत.

चालताना भिजणे मान्य केले की पावसाळ्यातील सर्वांत मोलाचा कपडा ठरतो तो सॅकच्या तळाशी, प्लास्टिकच्या जाड पिशवीत गाठ मारून ठेवलेला कोरडा जोड. मुक्कामाला पोहोचल्यावर किंवा परतीच्या एसटीत, कसाऱ्याहून सुटणाऱ्या लोकलमध्ये खिडकीचा वारा लागत असताना त्याची किंमत कळते. हा जोड मात्र खुशाल सुती असावा. सॅकवरच्या रेन कव्हरवर विसंबून ही पिशवी टाळणाऱ्यांना पाठीकडून पाणी आत शिरते हे पहिल्याच पावसात कळते.

पाऊस सरला की लोकांना वाटते, आता काहीही घातले तरी चालेल. वास्तविक ऑक्टोबरपासून कापडाची परीक्षा वेगळीच होते. गवत वाळून त्याची कुसळे सुटू लागतात आणि विणीच्या कापडात, म्हणजे ट्रॅक पँट, लेगिंग आणि मोज्यांत, अशी शिरतात की प्रत्येक पावलाला टोचतात आणि घरी आल्यावर एकेक करून उपटावी लागतात. घट्ट विणलेल्या गुळगुळीत नायलॉनच्या पँटवर ती फारशी टिकत नाहीत, आणि बुटांच्या तोंडावर गेटर, म्हणजे घोट्याभोवतीचे कापडी आवरण, बांधले तर मोजेही वाचतात. थंडीत शेंगा वाळू लागल्या की खाजकुइलीची लव वाऱ्यानेसुद्धा उडून अंगावर येते; ती एकदा मनगटाला लागली की अर्ध्या बाह्यांच्या टी-शर्टचा सगळा डौल खाजवण्यात जातो. करवंदीच्या जाळ्या तर बारा महिने आहेतच. या सगळ्यांसाठी पूर्ण बाह्यांचा, पातळ आणि अंगाबरोबर बसणारा शर्ट हे एकच उत्तर आहे. ढगळ कपडा काट्यात अडकतो आणि फार घट्ट कपडा कातळटप्प्यावर पाय उचलू देत नाही. हरिहरच्या खड्या पायऱ्यांवर किंवा कळसूबाईच्या शिड्यांवर गुडघा छातीपर्यंत येतो, त्यामुळे पँट विकत घेताना दुकानातच उकिडवे बसून पाहावे. विक्रेता हसला तरी चालेल.

मापाचा कपडा चांगला दिसतो आणि तोच चांगला चालतो, म्हणून स्टाइल आणि सोय यांत मला फारसे भांडण दिसत नाही. रंगाच्या बाबतीत मात्र मी हट्टी आहे. कोकणातली आणि महाबळेश्वरच्या बाजूची जांभ्याची तांबडी माती पांढऱ्या किंवा फिक्या राखाडी कापडाला लागली की ते डाग धुऊन जात नाहीत. विटकरी, मोहरी, मेंदी किंवा गडद निळा हे रंग तिथे वर्षानुवर्षे नवे दिसतात. दाट धुक्यात, गडावर वाट चुकण्याची शक्यता असताना, वरचे जॅकेट भगवे, लाल किंवा पोपटी असावे, म्हणजे सोबत्यांना आपण दुरूनही दिसतो. कळसूबाई-हरिश्चंद्रगड किंवा कोयना अभयारण्यात प्राणी-पक्षी पाहण्यासाठी जायचे असेल तर याच्या उलट, मातकट आणि पानांच्या रंगांचे कपडे बरे. ज्या कड्यांवर आग्या मोहोळ असते तिथे काळे, लवदार कपडे आणि अत्तर दोन्ही टाळावे, कारण गडद रंग आणि उग्र वास यांनी मधमाश्या अधिक चवताळतात. लष्करी छापाचे कपडे आपल्याकडच्या गटांत फार आवडीने घातले जातात; हिमालयात सीमेजवळच्या भागात त्यांवरून जवानांकडून चौकशी होऊ शकते, आणि तसेही आपण सैनिक नसताना ते घालण्यात मला काही शोभा दिसत नाही.

अशा चर्चा नेहमी पुरुषांचे कपडे डोळ्यांसमोर ठेवून होतात, म्हणून थोडे आमच्याविषयी. बायकांच्या ट्रेक पँटना खिसे द्यायचेच नाहीत, असा बहुतेक कंपन्यांचा निश्चय दिसतो. मी बिनदिक्कत पुरुषांच्या विभागातून घेते आणि कंबर शिंप्याकडून आत घेऊन आणते. टी-शर्ट कितीही लवकर वाळला तरी आतली ब्रा सुती आणि जाड पॅडची असेल तर छातीवरचा ओलावा दिवसभर तसाच राहतो, तेव्हा आधी ती बदलावी. स्लीव्हलेस टॉपवर सॅकचे पट्टे खांदा सोलतात. ओढणी मात्र घरून निघताना आठवणीने घ्यावी, कारण ऊन, वारा, धूळ, मुरगळलेला पाय आणि आडोसा या सर्वांना ती उपयोगी पडते. नवरात्रात कळसूबाईच्या दर्शनाला पंचक्रोशीतल्या बायका नऊवारी नेसून चढतात, हे पाहिले की आपल्या खरेदीच्या याद्यांबद्दल जरा संकोचच वाटतो. पायथ्याच्या गावात कुणाच्या ओसरीवर जेवायचे असेल किंवा गडावरच्या देवळात जायचे असेल, तर आखूड शॉर्ट्सवर गुंडाळायला काहीतरी जवळ असावे, आणि हे पुरुषांनाही तितकेच लागू आहे.

डिसेंबर-जानेवारीत महाराष्ट्रात कडाक्याची थंडी नसते हा समज महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी गोठलेल्या दवाच्या बातम्या वाचूनही टिकून आहे. हवा दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी गार होत जाते, आणि कळसूबाईच्या १,६४६ मीटर उंचीच्या माथ्यावर पहाटे वारा असेल तर ती आकड्यापेक्षा बरीच अधिक गार लागते. बहुतेकजण पायथ्यापासूनच स्वेटर आणि जॅकेट चढवून निघतात, अर्ध्या वाटेत घामाघूम होतात आणि वर पोहोचून त्याच ओल्या कपड्यांत कुडकुडत सूर्योदयाची वाट पाहतात. निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. दहा-पंधरा मिनिटांत अंग आपोआप तापते. फ्लीस (लवदार पॉलिएस्टरचे उबदार जॅकेट) आणि विंडचीटर सॅकमध्ये ठेवून माथ्यावर थांबताच घालावे. नुसत्या फ्लीसमधून वारा आरपार जातो, म्हणून ही दोन्ही एकमेकांशिवाय अपुरी आहेत. कानटोपीला कितीही हसले तरी हरिश्चंद्रगडाच्या गुहेत रात्री सगळेजण ती शोधत असतात.

उन्हाळ्यात एकच नियम चालत नाही, कारण आपल्याकडे उन्हाळे दोन आहेत. चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडावर किंवा मेळघाटात कोरडी, रखरखीत हवा असते. तिथे सैल, पूर्ण बाह्यांचा, पांढरा सुती सदरा हाच उत्तम कपडा, कारण सावकाश वाळणारे कापड तिथे तासभर अंग गार ठेवते. भिजवून डोक्याला गुंडाळलेले उपरणे कोणत्याही टोपीपेक्षा सरस असते. कोकणात तोच सदरा घामाने चिकटतो आणि वाळतही नाही. तिथे पातळ, जाळीदार पॉलिएस्टर बरे. पावसाळ्यात ज्या सुती कापडाला मी नावे ठेवली, त्याची बाजू इथे घेतली आहे, याची मला कल्पना आहे.

हिमालयात जाणाऱ्या मराठी मंडळींनी हाम्ता खिंडीचा ट्रेक कपड्यांचा अभ्यास म्हणूनही करावा. मनालीच्या बाजूला, कुल्लूच्या खोऱ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये हिरवळ आणि पाऊस असतो. सुमारे ४,२७० मीटरवरील खिंड ओलांडली की पीर पंजालच्या पर्जन्यछायेतील लाहौलचा उघडाबोडका, कोरडा, धुळीचा मुलूख सुरू होतो. घरी निरुपयोगी म्हटलेले महागडे जॅकेट इथे खरे काम करते, कारण हवा थंड आहे आणि वाफेला बाहेर जायला वाव आहे. अंगाला लागून लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा इनर, वर फ्लीस, थांबल्यावर पिसांचे जॅकेट आणि सर्वांत बाहेर जलरोधक कवच, अशी उतरंड ठेवावी आणि दिवसातून कितीही वेळा काढ-घाल करण्याचा कंटाळा करू नये. पिसांचे जॅकेट वजनाला हलके आणि उबेला अजोड असते, पण भिजले की पिसे एकमेकांना चिकटून ऊब संपते. कुल्लूच्या बाजूला ते बाहेर काढूच नये. उंची दर हजार मीटरने वाढली की अतिनील किरण सुमारे १० टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतील ८० टक्क्यांपर्यंत परावर्तित करतो, त्यामुळे मान आणि हनुवटीची खालची बाजूही झाकावी. पुण्या-मुंबईत वर्षातून एकदाच लागणारी ही जड खरेदी टाळून जॅकेट भाड्याने घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. अंगाला लागणारे कपडे मात्र स्वतःचेच असावेत.

शेवटी धुण्याविषयी, कारण चांगले कपडे डोंगरापेक्षा घरीच अधिक खराब होतात. घाम शोषून पसरवणाऱ्या कापडाला आणि जलरोधक जॅकेटला फॅब्रिक सॉफ्टनर लावू नये. त्याचा थर धाग्यांवर बसून दोन्हींचे काम बिघडवतो. पॉलिएस्टरच्या टी-शर्टला धुतल्यावरही राहणारा कुबट वास पाण्यात थोडे व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवले की बहुधा जातो. पिसांचे जॅकेट छोट्या पिशवीत दाबून वर्षभर ठेवले तर पिसे पुन्हा नीट फुलत नाहीत, म्हणून ते कपाटात मोकळे टांगावे. मुंबईच्या दमट हवेत शेजारी सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि ऑगस्टमध्ये एखाद्या कोरड्या दुपारी कपाटाचे दार उघडून बुरशी आली नाही ना, हे पाहून घ्यावे.