उष्णता फुकट, भोक महाग

दिवाळीच्या फोनवर नानाकाकांनी यंदाही विचारलं, "अगं, त्या तुमच्याकडच्या तापलेल्या खडकाचं पुढे काय झालं?" काकांकडे टाटा पॉवरचे थोडे शेअर आहेत. २००८ साली टाटा पॉवरने जमिनीखालच्या गरम खडकातून वीज काढू पाहणाऱ्या, ऑस्ट्रेलियातल्या जिओडायनॅमिक्स नावाच्या छोट्या कंपनीत सुमारे १० टक्के हिस्सा घेतला, तेव्हापासून काका स्वतःला त्या खडकाचे अंशतः मालक समजतात. "काका, ते कधीच बंद पडलं," असं मी दरवेळी सांगते. "का पण? खडक थंड झाला का?"

खडक होता तेवढाच गरम आहे. बंद का पडलं हे फोनवर दोन वाक्यांत सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

मी मूळची कराडची, राहते ॲडलेडला, आणि पोट भरते ते रिगवर, म्हणजे खोल विहिरी खणणाऱ्या यंत्रावर. सुरुवातीला मड लॉगर होते, आता वेलसाइट जिऑलॉजिस्ट. म्हणजे भोकातून चिखलाबरोबर वर येणारा खडकाचा चुरा शेकरवरून, म्हणजे हलत्या जाळीवरून, उचलायचा, चाळणीत धुवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगायचं की आपण आत्ता कुठल्या थरात आहोत. कूपर बेसिनमधल्या गॅसच्या विहिरींवर बरीच वर्षं हेच केलं. तापलेल्या खडकाच्या त्या विहिरींवर मी स्वतः काम केलेलं नाही. पण त्या भागात काम करणाऱ्या कुणाच्याही कानावरून हबानेरो, म्हणजे जिओडायनॅमिक्सच्या त्या विहिरींचं नाव, जातंच. जेवणाच्या टेबलावर विषय निघाला की निम्मे लोक हसायचे आणि निम्मे गप्प बसायचे.

जागा दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य कोपऱ्यातली, इनामिंका गावाजवळची. गाव म्हणजे एक पब, एक दुकान, चार घरं आणि अगणित माश्या. बर्क आणि विल्स हे शोधप्रवासी १८६१ मध्ये याच कूपर क्रीकच्या काठी मेले, हीच गावाची प्रसिद्धी. तेल-गॅस शोधणाऱ्यांना फार पूर्वी कळलं होतं की इथे खाली ग्रॅनाइट लागतो आणि तो विलक्षण गरम असतो. १९८३ च्या मॅक्लिओड-१ या विहिरीचा तळ असाच ग्रॅनाइटमध्ये गेला होता. गॅसवाल्यांच्या दृष्टीने ग्रॅनाइट लागला म्हणजे खेळ संपला, सामान गुंडाळा. डून वायबोर्न या भूवैज्ञानिकाला मात्र तिथेच खेळ सुरू होताना दिसला.

ही उष्णता ज्वालामुखीची नाही. इथे ज्वालामुखी नाही, गरम पाण्याचे फवारे नाहीत, वर नुसतं दगडगोट्यांचं वाळवंट. ३० कोटी वर्षांहून जुन्या या ग्रॅनाइटमध्ये युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम नेहमीपेक्षा बरंच जास्त आहे. ते किरणोत्सर्गाने सावकाश विरतात आणि खडक आतून तापत राहतो. पण नुसतं तापून भागत नाही, उष्णता टिकायलाही हवी. ग्रॅनाइटवर जवळजवळ ३,६०० मीटर जाडीचा गाळाच्या खडकांचा थर आहे आणि त्यात दगडी कोळशाचे पट्टे. कोळशातून उष्णता फार हळू जाते. थोडक्यात, खाली शेगडी आणि वर गोधडी. २००३ मध्ये हबानेरो-१ ही विहीर ४,४२१ मीटरपर्यंत गेली आणि तळाशी तापमान निघालं २४० अंशांच्या वर.

विहिरींची नावं मिरच्यांवरून ठेवली होती: हबानेरो, जोलोकिया, सविना. जोलोकिया म्हणजे आपल्या ईशान्येची भूत जोलोकिया. टाटांचा पैसा होता तर 'लवंगी-१' हे नाव कुणालाच कसं सुचलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

कल्पना कागदावर अगदी सोपी आहे. एक विहीर खणायची, तिच्यातून दाबाने पाणी घालून खडकातल्या बारीक भेगा सरकवायच्या. भेगेच्या दोन्ही बाजू खडबडीत असतात, त्यामुळे एकदा सरकल्या की त्या पुन्हा नीट मिटत नाहीत आणि पाण्याला वाट राहते. मग त्या भेगांना गाठणारी दुसरी विहीर. एकीतून पाणी खाली सोडा, दुसरीतून तापलेलं वर घ्या, त्याची उष्णता काढून टर्बाइन फिरवा आणि तेच पाणी परत खाली पाठवा. इंधन नाही, धूर नाही, रात्र-दिवस फरक नाही.

हबानेरो-१ मध्ये २००३ च्या शेवटी सुमारे दोन कोटी लिटर पाणी दाबाने घातलं. खाली हजारो छोटे धक्के बसले, सर्वांत मोठा ३.७ चा. वाळवंटात त्याची तक्रार कोण करणार? हाच प्रकार २००६ च्या डिसेंबरमध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहराखाली झाला, तिथे ३.४ चा धक्का बसला आणि प्रकल्पच गुंडाळावा लागला. दक्षिण कोरियातल्या पोहांगला २०१७ मध्ये साडेपाचच्या आसपासचा भूकंप झाला, माणसं जखमी झाली, इमारती मोडल्या, आणि सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांनी त्याचा संबंध अशाच विहिरींशी जोडला. कराडच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या गोष्टी ऐकतच आम्ही मोठे झालो, आणि कोयनेच्या जलाशयाचा त्या भूकंपाशी असलेला संबंध आता जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे. भेगेत पाण्याचा दाब वाढला की तिला घट्ट धरून ठेवणारा जोर कमी होतो आणि खडक घसरतो. धरणाखाली हे नको असतं, इथे मुद्दाम घडवायचं असतं. आमची आजी असती तर म्हणाली असती, या लोकांना दुसरा धंदा नाही का?

खरा हिसका मात्र दुसरीकडे बसला. सगळ्यांची समजूत होती की खाली कोरडा गरम खडक आहे. या पद्धतीचं जुनं नावच तसं होतं. प्रत्यक्षात ग्रॅनाइटच्या भेगा खाऱ्या पाण्याने आधीच भरलेल्या निघाल्या, आणि त्या पाण्याचा दाब तेवढ्या खोलीवर असायला हवा त्यापेक्षा सुमारे ३४ मेगापास्कलने, म्हणजे ५,००० पीएसआयने जास्त. रिगवर काम केलेल्याला हा आकडा ऐकूनच घाम फुटतो. आपण भोकात चिखल ठेवतो तो खालचा दाब दाबून धरायला. चिखल हलका पडला तर खालचं पाणी वर उसळतं. याला आम्ही किक म्हणतो, आणि किक वेळेवर आवरली नाही तर पुढे जे होतं त्याची बातमी येते. म्हणून बॅराइट या जड खनिजाची पूड घालून चिखल पाण्याच्या दीडपटीहूनही जड करायचा. पण तो जड चिखल मग त्याच भेगांत शिरून गडप होतो. कमी केला तर विहीर उसळते, वाढवला तर चिखल पळतो. मधली फट फार अरुंद. शिवाय २४० अंशांची उष्णता, जिथे ड्रिलिंगच्या उपकरणातले इलेक्ट्रॉनिक्स आणि रबराची सीलं केव्हाच हात टेकतात. आणि ग्रॅनाइट बिटचे, म्हणजे पाइपच्या टोकाला खडक कापणाऱ्या अवजाराचे, दात खातो. बिट झिजला की चार किलोमीटर पाइप तुकड्या-तुकड्याने बाहेर काढायचा, बिट बदलायचा, पुन्हा तेवढाच पाइप आत. त्या सगळ्या वेळात रिगचं भाडं चालूच असतं.

त्यापुढचा इतिहास भोकांचाच आहे. २००४ मधली हबानेरो-२ अडथळा होऊन हातची गेली, बाजूने नवी वाट काढायचा प्रयत्नही फसला. तेलाच्या तेजीत भाड्याने रिग मिळेना म्हणून कंपनीने स्वतःची रिग घेतली. २००८ मध्ये हबानेरो-३ पूर्ण झाली, आणि २००९ च्या सुरुवातीला दोन विहिरींमधून पाणी नीट फिरवून दाखवलं. जे सिद्ध करायचं होतं ते झालं, सगळे खूश. एप्रिलमध्ये हबानेरो-३ चं केसिंग, म्हणजे विहिरीचं पोलादी अस्तर, फुटलं आणि गरम पाणी-वाफ बाहेर आली. एक मेगावॉटचं छोटं वीजकेंद्र तेव्हा जवळजवळ तयार उभं होतं, त्याला पाणी देणारी विहीरच गेली. जोलोकिया-१ ४,९०० मीटरच्या पुढे गेली, तिथे तापमान आणखी जास्त, पण पाणी जायला चांगल्या भेगाच नाहीत. सविना अर्ध्यात अडकली. मग पूर आले. हो, वाळवंटात. कूपर क्रीकला पाणी आलं की रस्ते आठवडेच्या आठवडे बंद.

शेवटी २०१२ मध्ये हबानेरो-४ झाली, आणि २०१३ च्या एप्रिलअखेरीस ते एक मेगावॉटचं केंद्र खरंच सुरू झालं. १६० दिवस चाललं. विहिरीच्या तोंडाशी २१५ अंशांचं पाणी, सेकंदाला १९ किलो. ऑस्ट्रेलियात अशा खडकातून वीज पहिल्यांदाच निघाली, तीही कुठलं मोठं लफडं न होता.

आणि मग बंद. २०१६ मध्ये विहिरी सिमेंटने बुजवल्या आणि कंपनीने स्वतःचं नावही बदललं. हिशेबच तसा होता. एका मेगावॉटसाठी चार किलोमीटरच्या दोन विहिरी, तीही अनेक विहिरींच्या अपयशानंतर. ती वीज शहरात न्यायची तर जवळचं मोठं ग्रिड शेकडो किलोमीटर दूर, आणि वाटेत गिऱ्हाईक म्हणून गाई आणि कांगारू. ऑस्ट्रेलियात त्याच वर्षांत छतावरचं सौर पॅनेल स्वस्त होत चाललं होतं. गुंतवणूकदारांनी हात काढून घेतले यात मला तरी विश्वासघात वाटत नाही.

माझं मत विचाराल तर हबानेरोचा दोष विहिरीच्या रचनेत होता. उभ्या विहिरी, आणि त्या सगळ्या एकाच मोठ्या नैसर्गिक भेगेच्या भरवशावर. भेग सापडली तर पाणी, नाही तर जोलोकिया. गॅसच्या धंद्यात आम्ही तोवर आडव्या विहिरी करून त्यांना टप्प्याटप्प्याने फोडायला शिकलो होतो, पण ते कौशल्य ग्रॅनाइटमध्ये न्यायची हिंमत आणि तेवढे टणक बिट तेव्हा नव्हते. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या फर्वो कंपनीने नेवाडात नेमकं हेच केलं. साधारण २,३०० मीटर खोल जाऊन विहीर आडवी वळवली आणि किलोमीटरभर नेली, मग टप्प्याटप्प्याने भेगा पाडल्या. खडक १९० अंशांच्या आसपास, हबानेरोपेक्षा बराच थंड. तरी चाचणीत सेकंदाला ६३ लिटर पाणी आणि साडेतीन मेगावॉट. यूटातल्या त्यांच्या पुढच्या प्रकल्पात एका विहिरीचा खर्च त्यांच्याच सांगण्याप्रमाणे ९४ लाख डॉलरवरून ४८ लाखांवर आला. मला या बातमीत सगळ्यात जास्त आनंद बिटचा झाला. हिऱ्याचे दात असलेले पीडीसी बिट ग्रॅनाइटमध्ये चालणार नाहीत असं आम्हाला ठासून शिकवलं होतं, आणि इथे तेच चालले.

काकांचा पुढचा प्रश्न ठरलेला: "मग आपल्याकडे? वज्रेश्वरीला, उन्हवऱ्याला गरम पाणी आहेच की." काका, ते पाणी खोल जाऊन तापून परत येणारं पावसाचं पाणी आहे. त्याने आंघोळ छान होते. खाली खडक किती गरम आहे ते भोक पाडल्याशिवाय कळत नाही, आणि तसं एक भोक आपल्या दारात पाडलेलं आहे. भूकंपांच्या अभ्यासासाठी कोयनेच्या भागात गोठण्याला तीन किलोमीटरची विहीर झाली, कराडजवळ हजारमाचीला त्याची प्रयोगशाळा आहे. बसाल्टचे थर साधारण सव्वा किलोमीटर, त्याखाली ग्रॅनाइटसारखाच जुना खडक. पण तीन किलोमीटरवर तापमान शंभराच्याही आत. आपल्या खडकात उष्णता तयार करणारे घटक कमी, आणि बसाल्ट काही कोळशाच्या पट्ट्यांइतकी उष्णता अडवत नाही. इनामिंकाएवढं तापमान हवं तर सह्याद्रीत कितीतरी खोल जावं लागेल, आणि त्या भोकाचा खर्च काकांचे सगळे शेअर विकून निघणार नाही.

यूटाच्या आकड्यांवर मात्र माझं लक्ष आहे. पहिल्या महिन्याचे मेगावॉट कुणीही दाखवेल. भेगांतून तेच तेच पाणी फिरत राहिल्यावर पाच वर्षांत विहिरीच्या तोंडाशी तापमान किती उतरतं, तो आकडा मला बघायचाय. तो चांगला निघाला तर काकांना मी स्वतःहून फोन करीन, दिवाळीची वाट न बघता.