चोर्ला घाटाच्या हिशेबाने कॅमशाफ्ट

बेळगावात उद्यमबागेच्या बाजूला हेडचे (इंजिनाच्या वरच्या, व्हॉल्व्ह असलेल्या भागाचे) काम करून घेणारे हौशी चालक कॅमशाफ्टविषयी, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याविषयी, बोलताना आधी ‘किती डिग्रीचा?’ असे विचारतात. माझ्या मते इंजिन कोणत्या आरपीएमवर जास्त वेळ फिरते, हा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटातून गोव्याकडे जाणारी साधी पेट्रोल गाडी वळणांवर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, साधारण अडीच ते साडेचार हजार आरपीएमवर असते. सहा हजारांच्या पुढे ताकद देणारा कॅम तेथे काय कामाचा? परतीच्या चढावर गाडी ओढत नाही, एवढेच हाती येते.

याचे मूळ इनटेक व्हॉल्व्ह (मिश्रण आत घेणारी झडप) बंद होण्याच्या क्षणात आहे. समजा, हा व्हॉल्व्ह पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या २० अंश आधी उघडतो आणि खालच्या टोकानंतर ६० अंशांनी बंद होतो. तर ड्युरेशन, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा असताना क्रँक (पिस्टन फिरवतो तो मुख्य दांडा) जितके अंश फिरतो ते, २० + १८० + ६० म्हणजे २६० अंश झाले. हेच ३६ आणि ७६ केले, तर ते २९२ होते. जास्त वेगात आत धावणाऱ्या हवेला स्वतःची गती असल्यामुळे उशिरा बंद होणारा व्हॉल्व्ह सिलिंडर अधिक भरू देतो. परंतु कमी वेगात वर येणारा पिस्टन तेच मिश्रण मॅनिफोल्डमध्ये (ते आत आणणाऱ्या नळ्यांत) परत ढकलतो आणि प्रत्यक्ष कॉम्प्रेशन घटते. ओव्हरलॅप, म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ, वाढला की आयडलिंग खडबडीत होते, मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम कमी पडतो आणि त्याच व्हॅक्यूमवर चालणाऱ्या ब्रेक बूस्टरची मदतही घटते, जी घाट उतरताना हवीच असते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच असल्याने येथील विरळ हवेत इंजिनाची ताकद मुळातच थोडी कमी असते. त्यामुळे मध्यम ड्युरेशन आणि थोडी अधिक लिफ्ट (व्हॉल्व्ह उघडण्याची उंची) हीच जोडी मला पटते.

जुना कॅम घासून नवा आकार देण्याचा मार्ग स्वस्त आहे. त्यात बेस सर्कल (कॅमचा उंचवटा नसलेला गोल भाग) लहान होते, टॅपेटची (कॅमचा दाब व्हॉल्व्हकडे नेणाऱ्या भागाची) भूमिती बदलते आणि चिल्ड कास्ट आयर्नचा, म्हणजे ओतताना पृष्ठभाग झटकन थंड करून कठीण केलेल्या बिडाचा, वरचा कठीण थर पातळ होतो. फाउंड्रीच्या या गावात हे वेगळे सांगायला नको.

बसवताना केवळ टायमिंग बेल्टच्या खुणांवर विसंबू नये. पिस्टन स्टॉप (पिस्टन अडवणारा तुकडा) लावून वरचे टोक निश्चित करावे, क्रँकवर डिग्री व्हील (अंशांची तबकडी) आणि व्हॉल्व्हवर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारे यंत्र) ठेवून इनटेकची मध्यरेषा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्या-बंद होण्याचा मधला बिंदू, मोजावी. वरील पहिल्या उदाहरणात ती २६० च्या निम्मे १३० वजा २० म्हणजे वरच्या टोकानंतर ११० अंशांवर यायला हवी. कॅम पुढे केला, म्हणजे ॲडव्हान्स केला, की खालच्या आरपीएमची ओढ वाढते. मागे केला की वरची. मात्र कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून ॲडजस्टेबल पुलीवरचे २ अंश क्रँकवर ४ भरतात, आणि पुलीवरच्या खुणा कोणत्या मापाच्या आहेत हे आधी विचारून घ्यावे.

लिफ्ट वाढली असेल तर पिस्टनवर प्लास्टिसिन ठेवून इंजिन हाताने दोन फेरे फिरवावे आणि दबलेला थर कापून मोजावा. इनटेकला किमान २ आणि एक्झॉस्टला अडीच मिलिमीटर अंतर ठेवण्याचा प्रघात आहे. पूर्ण लिफ्टवर स्प्रिंगचे वेटोळे एकमेकांना चिकटत नाहीत, हेही पाहावे. यानंतर इग्निशन आणि इंधनाचे प्रमाण नव्याने लावून घ्यावे लागते, कारण मॅनिफोल्डच्या दाबावरून हवेचा अंदाज बांधणारा ईसीयू (इंजिनाचा नियंत्रक संगणक) बदललेल्या व्हॅक्यूममुळे फसतो; आणि पीयूसीच्या तपासणीत ही कसर लगेच उघडी पडते.