काजळ, कानस आणि चकमकीची बंदूक

गेले तीन रविवार शेडमध्ये एकच काम चाललंय, अक्रोडाच्या लाकडात बंदुकीचं लॉक, म्हणजे चाप ओढल्यावर दारू पेटवणारी यंत्रणा, बसवणं. छोटा तेलाचा दिवा लावायचा, ज्योतीवर लॉकची प्लेट धरायची, काजळी बसली की प्लेट अलगद लाकडातल्या खाचेत ठेवून लाकडी हातोडीने एकदा ठोकायची आणि उचलून बघायचं. लाकूड जिथे काळं झालं तिथे प्लेट अडतेय. तेवढाच भाग पटाशीने खरवडायचा, पापुद्रा निघाला पाहिजे, ढलपी नाही. मग परत दिवा, परत काजळी. तीनशे वेळा तरी झालं असेल. दोनशे वर्षांपूर्वी लंडनचे आणि बर्मिंगहॅमचे दस्ते, म्हणजे बंदुकीचं लाकूड, बसवणारे कारागीर असंच धूर धरून करायचे आणि अजून याच्याहून चांगली पद्धत मला तरी सापडलेली नाही.

आईचा व्हिडिओ कॉल आला होता तेव्हा तिने दिवा बघितला, म्हणाली, "अरे, भर दुपारी दिवा कसला लावलायस?" म्हटलं काजळ धरतोय. तर ती लगेच आजीची गोष्ट सांगायला लागली, आजी तांब्याच्या भांड्यावर काजळ धरायची आणि घरातल्या प्रत्येक बाळाला लावायची. काजळ तेच, म्हणून हे काम मला परकं वाटत नाही.

बंदुकीचं वेडही तिकडूनच आलंय म्हणा. आजोबांकडे कोकणात पीक संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती, केप लावायची (घोडा आदळला की पेटणारी छोटी टोपी), रानडुकरांसाठी. नळी, दस्ता, घोडा, चाप, गज, छर्रे हे शब्द मी त्यांच्याकडून ऐकले. नोकरीसाठी बर्मिंगहॅमला आलो आणि पहिल्याच हिवाळ्यात लीड्सला रॉयल आर्मरीजचं म्युझियम बघायला गेलो, तिथे काचेमागे १७९० च्या आसपासच्या इंग्लिश शिकारी बंदुका होत्या, चकमकीच्या, म्हणजे फ्लिंटलॉक. मी तासभर तिथून हललो नाही. सोन्याचांदीचा मोठा साज नाही, मोठी कलाकुसर नाही, फक्त रेषा. दस्त्याचा मनगटाशी येणारा बारीकपणा आणि लॉकच्या शेपटीचा तो उतार बघून वाटलं की हे ज्याने केलं त्याला कुठे थांबायचं ते कळत होतं.

चकमकीची बंदूक चालते कशी ते थोडक्यात सांगतो. घोड्याच्या जबड्यात चामड्यात गुंडाळलेली गारगोटी धरलेली असते. चाप ओढला की घोडा पडतो, गारगोटी समोरच्या कडक पोलादी पात्याला, म्हणजे फ्रिझनला, खरवडत खाली येते. ठिणगी गारगोटीची नसते बरं का, ती पोलादाची असते, गारगोटी पोलादाचे बारीक कण सोलून काढते आणि ते हवेत पेटतात. त्याच झटक्यात फ्रिझन पुढे उलटतं, खालचं पॅन, म्हणजे छोटी वाटी, उघडं पडतं, ठिणग्या त्यातल्या रंजकेवर, म्हणजे चिमूटभर बारीक दारूवर, पडतात, आणि रंजकेची आग नळीच्या कानातून, म्हणजे बाजूच्या बारीक भोकातून, आत जाऊन मुख्य दारू पेटवते. एवढं सगळं एका क्षणात व्हायला हवं, कारण उडणारा पक्षी तुमच्यासाठी थांबत नाही.

आणि इंग्रज कारागिरांनी खरी मेहनत घेतली ती या क्षणावर. लंडनच्या हेन्री नॉक या बंदूक कारागिराने १७८७ साली पेटंट घेतलं, नळीच्या बुडाशी छोटी वेगळी कोठी करायचं, आग आधी त्या कोठीत पेटते आणि मग जोरात पुढच्या दारूत घुसते. दारू इतकी चांगली जळायला लागली की लांबलचक नळीची गरज उरली नाही, आधी ३८-४० इंची नळ्या असायच्या त्या ३० इंचांच्या आसपास आल्या, आणि नळी आखूड झाली तशी दोन नळ्या शेजारी शेजारी लावलेली हलकी बंदूक हातात पेलायला लागली. मग जॉन मँटन आणि त्याचा धाकटा भाऊ जोसेफ मँटन. फ्रिझनच्या स्प्रिंगवर छोटं चाक, पाऊस आत जाऊ नये म्हणून वेगळ्या आकाराचं पॅन, गंजू नये म्हणून कानात प्लॅटिनम. जोसेफने १८०६ साली दोन नळ्यांच्या मधल्या उंच पट्टीचं पेटंट घेतलं. पुढे नावाजलेला बंदूक कारागीर जेम्स पर्डी त्याच्याच दुकानात काम करून बाहेर पडला. आणि जोसेफसारखा एवढा मोठा माणूस १८२६ ला दिवाळखोर झाला, हे वाचलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं.

त्या काळचं चांगलं लॉक हातात घेतलंत तर घोडा हळू मागे ओढून बघा. सुरुवातीला जड लागतो आणि पूर्ण मागे येईपर्यंत हलका होत जातो. मोठी स्प्रिंग आणि आतला टंबलर, म्हणजे घोड्याबरोबर फिरणारा तुकडा, यांच्यामध्ये एक चिमुकला दुवा असतो, त्याच्यामुळे हे होतं. सोडताना उलट, घोडा जसा खाली येतो तसा जोर वाढत जातो. हा अनुभव एकदा आला की स्वस्त लॉक बोटांना लगेच कळतं.

पण हे मला आधी कळत नव्हतं आणि त्याची किंमत मी मोजलीय. सहा वर्षांपूर्वी पहिली जुनी बंदूक घेतली, एका नळीची, लंडनच्या गनमेकर्स कंपनीचे मुकुटाखाली जीपी आणि मुकुटाखाली व्ही असे नळीच्या चाचणीचे दोन्ही शिक्के होते, आणि विकणाऱ्याने ठामपणे सांगितलं की लॉक मूळचं चकमकीचं आहे. घरी आणून भिंग लावलं आणि पोटात गोळा आला. पॅन जिथे प्लेटला मिळतं तिथे जोडाची केसासारखी रेघ. प्लेटवरच्या नक्षीची वेल अर्ध्यात तुटलेली. घोड्यावरची नक्षी वेगळ्याच हाताची. कानातून दरवेळी आग बाहेर येते, तिने आसपासची नळी थोडी तरी खाल्लेली असायला हवी, तर तिथे गुळगुळीत. म्हणजे काय झालं होतं, १८२० नंतर केपाची पद्धत आली तेव्हा मालकांनी हजारो चांगल्या चकमकीच्या बंदुकांचं पॅन आणि फ्रिझन काढून त्या केपाच्या करून घेतल्या, आणि पुढे संग्राहक आल्यावर चकमकीला भाव आला म्हणून कुणीतरी ती परत चकमकीची केली. तसं करण्यात गैर काही नाही, पण सांगून विका ना. न सांगता विकणं ही फसवणूकच आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

त्या बंदुकीनेच मला बांधायला लावलं. ठरवलं की स्वतः एक पॅन घासून बसवल्याशिवाय दुसऱ्याने बसवलेलं पॅन ओळखता येणार नाही. सध्याची १६ बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या भोकाचं माप), एका नळीची, १७९० च्या लंडन वळणाची आहे. लॉकचे ओतीव भाग विकत मिळतात पण ते नुसते भाग असतात, लॉक कानशीने होतं. मोठी स्प्रिंग दोनदा मोडली, पाणी देताना आच जास्त झाली, तिसरी तेलात बुडवून वरचं तेल जाळून मऊ केली तेव्हा टिकली. फ्रिझन चेरीसारखं लाल करून तेलात विझवलं, मग फिक्या गवती रंगापर्यंत तापवलं, आता ठिणग्या पांढऱ्या आणि भरपूर पडतात. दस्त्याला जवसाचं तेल देणार, त्यात अल्कनेटचं मूळ भिजवून, म्हणजे आपल्या रतनजोतीच्या कुळातलंच झाड, लाकडाला तो लालसर तपकिरी रंग त्यानेच येतो. नळीला पॉलिश नाही, मुद्दाम गंज चढवायचा, तारेच्या ब्रशने घासायचा, परत चढवायचा, असं आठवडाभर केलं की चॉकलेटी रंग बसतो.

(कायद्याचं बरेच जण विचारतात. इकडे ब्रिटनमध्ये खरी जुनी चकमकीची बंदूक नुसती शोभेची वस्तू म्हणून ठेवायला सर्टिफिकेट लागत नाही, पण ती उडवायची असेल तर शॉटगन सर्टिफिकेट लागतं आणि काळ्या दारूची परवानगी वेगळी. मी बांधतोय ती नवीन, तिला सगळंच लागतं. नळीची चाचणी बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसमध्ये, म्हणजे बंदुकांची नळी सुरक्षित आहे का ते तपासणाऱ्या संस्थेत, होणार, ते १८१३ सालापासून हेच काम करतंय आणि माझ्या घरापासून बसने वीस मिनिटांवर आहे.)

काल संध्याकाळी लॉक शेवटी बसलं. प्लेट नळीच्या सपाट बाजूला पूर्ण चिकटली, दिव्यासमोर धरून बघितलं तर पॅन आणि नळीच्या फटीतून उजेड येत नाही. फट राहिली तर रंजक तिथून आत झिरपते. आता कानाचं भोक पाडायचं, साधारण दीड मिलिमीटरचं, आणि ते पॅनच्या वरच्या काठाच्या बरोबर रेषेत आलं पाहिजे, सूर्य क्षितिजावर अर्धा बुडालेला दिसतो ना तसं. खाली गेलं तर ते रंजकेत बुडतं आणि आग आत पोचायला वेळ लावते. पेन्सिलने खूण केलीय, रात्री तीनदा जाऊन बघून आलो. ड्रिल पुढच्या रविवारी, सकाळच्या उजेडात.