पेद्रू, पास्कू आणि फादरांचं अक्षर

आमच्या वसईत लग्न ठरलं की आधी हॉल, मग बँड आणि मग बाप्तिस्म्याचा दाखला. घरात लॅमिनेट करून ठेवलेला चालत नाही, सहा महिन्यांच्या आतला ताजा लागतो. बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच होतो, मग दाखला शिळा कसा होतो, हे आमच्यात कुणी विचारत नाही. भाचीचं लग्न ठरलं, तिला रजा नव्हती, म्हणून भर दुपारी मी चर्चच्या ऑफिसात जाऊन बसलो.

दाखल्यात खरी गोम असते ती समासात. लग्न जगात कुठल्याही चर्चमध्ये लागो, तिथले फादर बाप्तिस्मा जिथे झाला त्या चर्चला कळवतात आणि इथले फादर मूळ नोंदीशेजारी समासात ते टिपून ठेवतात. 1908 च्या ईस्टरपासूनचा हा नियम. कुणी मुंबईत लग्न करो, कुणी कॅनडात, बातमी शेवटी गावच्या त्या ओळीशेजारी येऊन बसते. व्हॉट्सअ‍ॅपच्या आधीपासून आमच्याकडे ही सोय आहे. भाचीचा समास अर्थातच कोरा होता, तेच तर सिद्ध करायचं होतं.

ऑफिसातल्या बाई शिक्का शोधायला आत गेल्या. जाताना म्हणाल्या, "जुनी पुस्तकं बघायची तर बघा, पण बोटाला थुंकी लावून पान उलटू नका." त्यांनी मला बरोबर ओळखलं होतं.

आता खरं सांगायचं तर पूर्वज शोधायची मला काही फारशी हौस नाही. मला आवडतं ते फादरांचं अक्षर बघायला. सतराशे कामं मागे लागलेल्या माणसाचं अक्षर लगेच कळतं. एक फादर होते, त्यांनी प्रत्येक नोंदीखाली सहीची अशी काही वेलबुट्टी काढलीय की तिच्यापुढे बाळाचं नावच दिसत नाही. त्यांच्यानंतरचे बहुधा काटकसरी. दोन ओळींत माणूस संपवायचे. पावसाळ्यातल्या नोंदींची शाई फुटलेली. एका पानाच्या कडेला कुणीतरी नुसतीच बेरीज करून ठेवलीय, कसली कुणास ठाऊक. मेणबत्त्यांची असावी.

आधी पोर्तुगीज, मग लॅटिन, मग इंग्रजी. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मराठीत आली तरी रजिस्टर इंग्रजीतच राहिलं. वसई 1534 साली पोर्तुगीजांकडे गेली, 1739 साली चिमाजीअप्पांनी ती घेतली, पुढे इंग्रज आले, पण आमच्या चर्चचा कारभार बराच काळ गोव्याकडूनच चालायचा. 1886 मध्ये दमणला बिशप बसला, मग आमचे कागद दमणचे. 1928 मध्ये दमणचा धर्मप्रांत मोडला, आम्ही मुंबईकडे गेलो. 1998 मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. या सगळ्या काळात कपाट मात्र होतं तिथेच आहे. त्यातलं सर्वात जुनं धड पुस्तक एकोणिसाव्या शतकातलं. त्याआधीचं वाळवीने वाचलं.

हे सगळं लिहून ठेवायची कल्पना कुणाची, तर इटलीतल्या त्रेंत शहरात जमलेल्या बिशपांची. 1563 साली त्यांनी ठरवलं की धर्मगुरूने लग्नांचं पुस्तक ठेवावं आणि बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाची हमी घेणारे धर्मपिता-धर्ममाता कोण होते तेही लिहावं. पुढे 1614 मध्ये मरण पावलेल्यांचीही वही सक्तीची झाली. यामागे पणतवंडांनी वंशवृक्ष काढावेत असा काही उदात्त विचार नव्हता. लोक चोरून लग्नं करत, मग नाकबूल होत. शिवाय नात्यात लग्न होऊ नये, आणि धर्मपित्याचंही नातंच धरत, म्हणून ही खातेवही. थोडक्यात, सोयरीक तपासायची सोय. हे कळल्यावर मला त्या पुस्तकांविषयी एकदम आपुलकी वाटली. आमच्या आत्याही कुणाचं नाव घेतलं की आधी तेच तपासतात.

आत्यांशिवाय ही पुस्तकं काही कामाची नाहीत, हे कॅनडातल्या आमच्या चुलतभावाला कळत नाही. त्याने संगणकावर वंशवृक्षाचा मोठा तक्ता मांडलाय आणि मला रिकाम्या चौकोनांचे फोटो पाठवतो. हे भर. त्याची समजूत अशी की नाव मिळालं म्हणजे माणूस मिळाला. पण संत मोजके, आडनावं त्याहून मोजकी. रविवारच्या वारावरून दुमिंग, ईस्टरच्या सुमारास झाला तर पास्कू, नाताळात झाला तर नाताळ. एका वेळी गावात चार पेद्रू, चौघांचं आडनाव एक आणि दोघांच्या बायका मारी. गावाने त्यांना कधी पेद्रू म्हटलंच नाही. एक लांब्या, एक टोपीवाला, एक मिठागरवाला, आणि चौथ्याचं नाव इथे लिहिण्यासारखं नाही. रजिस्टरला पेद्रू माहीत, गावाला टोपीवाला माहीत. दोघांची गाठ घालून देणारं माणूस आता पंच्याऐंशी वर्षांचं आहे आणि दुपारी दोन ते चार झोपतं.

मी आत्यांकडे रजिस्टरच्या पानाचा फोटो घेऊन गेलो होतो.

"अंतोन, बावतीसचा मुलगा," मी वाचलं.

"कुठला बावतीस?"

"धंदा शेतकरी लिहिलाय."

"सगळेच शेतकरी. बायको?"

"मारी."

"सगळ्याच मारी. धर्ममाता कोण होती?"

"कातरीन."

आत्या उठून बसल्या. "मग ते बावखलाकडचे! कातरीन त्यांच्याचकडची, तिच्या केळीवरून भांडण झालं होतं ना." पुढचा अर्धा तास ते भांडण. केळीच्या बांधाचं, आणि त्या बांधावरून तोडलेल्या घडाचं. कोर्टात गेलं नाही, पण दोन घरांनी एकमेकांच्या मयताला जाणं सोडलं. हे मी भावाला पाठवलं, तर त्याचं उत्तर आलं: साल काय?

त्याला आणखी एक आशा आहे. आडनाव पोर्तुगीज, तेव्हा कुणी तरी लिस्बनहून जहाजात बसून आलेला असणार. मी त्याला सांगितलं, बाबा रे, आडनाव बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्रीचं किंवा धर्मपित्याचं मिळायचं, रक्ताचा त्यात संबंध नाही; आपले पूर्वज पानवेलीला पाणी घालत होते आणि आपण सुकेळीवर वाढलो. तो काही दिवस बोलला नाही. मोठा पूर्वज हवा असण्याची ही खोड मला समजत नाही. मिळाला तरी त्याचं करायचं काय?

मागे जायचंच तर रस्ता लिस्बनला नाही, नाशिकला जातो. आमच्या गावातल्या एका सामवेदी ब्राह्मण, म्हणजे हिंदूच राहिलेल्या, मित्राने तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या बाडात आपली नावं पाहिली. गाव सांगितलं, आडनाव सांगितलं, गुरुजींनी बाड सोडलं, आणि त्याच्या पणजोबांच्या वडिलांची मोडीतली ओळ समोर. आमचे आणि त्यांचे पूर्वज कधी काळी एकाच आळीत राहत असावेत. मीही एकदा नाशिकला गेलो असताना घाटावर घुटमळलो. पण गुरुजींना विचारायचं काय? ज्या आडनावाने शोधायचं ते आडनाव त्या बाडात असायची शक्यता नाही, आणि ज्या आडनावाने ते असेल ते आम्हाला माहीत नाही. मिसळ खाल्ली आणि परत आलो.

हे सगळं मनात येईपर्यंत बाईंना शिक्का सापडला होता, शाईचा पॅड सुकला होता, आणि मी तोपर्यंत मयतांच्या पुस्तकापाशी पोचलो होतो. 1918 चा पावसाळा संपल्यानंतरची पानं गच्च आहेत. इन्फ्लुएन्झाची साथ. वेलबुट्टीला कुणाला वेळ नव्हता. एकाच दिवशी तीन-तीन नोंदी, शेवटी शेवटी अक्षर दुसऱ्याच माणसाचं.

त्यात आजीचं नाव होतं. तेच नाव, तेच आईबाप, वय अकरा महिने. आजीचा स्वतःचा जन्म 1920 चा. पहिली गेली, आणि दोन वर्षांनी झालेल्या मुलीला तेच नाव दिलं. असं तेव्हा करतच.

लहानपणी दर वर्षी पावसाळा सरला की एका सकाळच्या मिस्सेला आजी मला बरोबर न्यायची. वेदीवरून फादर जाहीर करायचे, आजची मिस्सा अमुक हिच्या आत्म्याच्या शांतीसाठी, आणि आजीचं पूर्ण नाव घ्यायचे, माहेरच्या आडनावासकट. आजी माझ्या शेजारी लाल लुगड्यात जिवंत बसलेली. मी एकदा मोठ्याने हसलो, तर तिने असा चिमटा काढला की वळ उठला. तान्ही बाळं थेट स्वर्गात जातात, त्यांच्यासाठी मिस्सा लागत नाही, हे आम्हाला धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवलेलं होतं. आजीलाही माहीत असणार. फादरांना तिने वय सांगितलंच नसेल.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "फादरांनी तुझं नाव का घेतलं?"

"ती वेगळी," आजी म्हणाली, आणि सुकटवालीशी भाव करायला लागली.